बीं किती खोल घालावें



ज्युबिलीच्या दिवशीं ख्रिस्तमंदिराच्या उंचीविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज बियाण्याच्या खोलीविषयीं बोलणार आहों.

आवारांतील वाफ्यांत आम्हीं एकदां वांग्यामिरचीचें बीं, पांखरांनीं खाऊं नये म्हणून, चांगलें बोटभर खोल दडविलें. तीन आठवडे पाणी घातलें. एक अंकुर दिसला नाहीं. चूक आमचीच. बारीक दाण्याच्या पोटीं शिदोरी थोडी. उजेड गांठण्याआधींच ती संपते. त्यास अर्धा ते एक सेंटीमीटर माती, तीही भुसभुशीत, पुरे. दाण्याच्या जाडीच्या दुपटीतिपटीएवढी माती, हा सर्वसाधारण हिशेब.

सरकीची गोष्ट निराळी. आपल्या यवतमाळच्या काळ्या जमिनीचा वरचा थर उन्हानें लवकर सुकतो, म्हणून ती चार ते पांच सेंटीमीटर खोल टोबावी. त्याहून खोल नको. कारण सरकी आपलीं दोन्ही बीजदलें डोक्यावर घेऊन वर येते, आणि पावसामागून जमिनीनें पापुद्रा धरला कीं तिची मान मोडते. हरभरा आपलीं दलें खालींच ठेवितो, म्हणून त्यास अधिक खोली सोसते.

हें ठाऊक असूनही मृगाच्या पहिल्या सरीला घाई होतेच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाण्याआधीं टोबलेलें बीं उगवून करपतें. मग दुबार पेरणी आणि पुनः सावकाराचें दार. प्रभूच्या दाखल्यांतील खडकाळ जागेवरचें बींही लवकरच उगवलें होतें. अशा घरांतील माणसें येथें आमच्यासमोर बसलीं आहेत. त्यांस दोष देण्यास आमची जीभ उचलत नाहीं. एवढेंच मागतों कीं, यंदा टोबण्यापूर्वीं वीतभर उकरून ओल पाहावी. रोपांचे वाफे येत्या रविवारीं मिस्सानंतर आवारांत दाखवूं; येतांना आपापलें बीं आणावें.