दिंडीतलं धुणं

लांबची वाट पायी चालायची तर पहिला प्रश्न कपड्यांचा येतो. देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघालेला वारकरी जवळजवळ तीन आठवडे घराबाहेर असतो. इतक्या दिवसांचे कपडे घ्यायचे म्हटलं तर बोचकं फुगतं. दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो हे खरं. पण त्यात तंबू, भांडी, शिधा आणि सगळ्यांच्या वळकट्या असतात. म्हणून जुन्या वारकऱ्याचा हिशेब सोपा असतो. एक जोड अंगावर, एक जोड दोरीवर आणि साबणाची एक वडी.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या दिंडीबरोबर मी ही वाट चाललो. देहूतून पालखी निघाली की पहिली अभंगारती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. त्यामुळे माझ्या नावाचं तिथं कुणाला नवल वाटलं नाही. ‘कविता लिहायला आलात का?’ एवढंच विचारायचे. भजन-कीर्तनावर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी आज धुण्यावर बोलणार आहे.

चालणाऱ्याला रोज धुणं का लागतं? घाम वाळतो, पण त्यातलं मीठ कपड्यातच राहतं. दुसऱ्या दिवशी तोच कपडा काखेत आणि जांघेत काचायला लागतो, आणि पाच-सात कोसांत कातडी सोलून निघते. तेव्हा एक वेळ जेवण उशिरा चालतं, पण बनियन धुतल्याशिवाय झोपून चालत नाही.

पहिल्याच मुक्कामी मी बनियनला भरपूर साबण चोळत होतो. शेजारचे आजोबा म्हणाले, “माउली, साबण बेतानं लावा. लावायला फुकट आहे, काढायला पाणी लागतं.” पाणी टँकरचं होतं आणि मागं रांग होती. पिळायची रीतही त्यांनीच दाखवली. धुतलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळायचा, वरून पायानं दाबायचा आणि मग झटकून वाऱ्याच्या तोंडाला टाकायचा. निम्मं पाणी पंचा पितो. पातळ धोतर लवकर वाळतं, मांजरपाटाची बंडी रात्रभर ओलीच राहते. पुणं सोडेपर्यंत पावसाची झड असली तर ओलसर बनियन अंगातच वाळवावं लागतं. पुढं बारामती-इंदापूरकडं पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. तिथं शेतकरी आभाळाकडं डोळे लावून बसलेला असतो आणि आमचं धुणं मात्र अर्ध्या तासात वाळतं. वाळलेला कपडा काढताना जरा संकोचच वाटायचा.

बायांचं धुणं मात्र एवढं सोपं नाही. भिजलेलं नऊवारी लुगडं एकटीला पिळवत नाही. दोघी दोन टोकं धरून उलट्या दिशेला पीळ घालतात आणि मग तशाच वाऱ्यात धरून उभ्या राहतात. त्यात अनेकींना आधी मालकाचे कपडे, मग आपले, आणि त्यानंतर भाकरीचं पीठ. आतले कपडे तर उघड्यावर टाकायची सोयच नाही. ते लुगड्याच्या पदराखाली झाकून वाळवायचे. तिथं ऊन पोहोचत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा दमटच अंगावर चढवायचे. आमच्या दिंडीत काही पुरुष आपलं आपण धूत. त्यावर थट्टा होई, पण त्यांच्या बायकांना टेकायला अर्धा तास मिळे. समतेवरच्या प्रवचनाइतकाच मला तो अर्धा तास मोलाचा वाटला.

धुण्याचा आणि समतेचा संबंध तसा जुना आहे. आपल्याकडं सोवळं म्हणजे मुळात कपडाच. धुऊन उंच दांडीवर टाकलेला, काठीनं काढलेला, कुणाचा हात न लागलेला. आमच्या घरात कपडा ‘पाक’ असावा लागतो. नमाजाला अंग, वस्त्र आणि जागा तिन्ही पाक हवीत. माणसाच्या शिवण्यानं कपडा नापाक होत नाही, असं आमचं शास्त्र सांगतं. पण म्हणून आमच्यात उच्चनीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. कपडे पाक करून देणारा धोबी आमच्यातही धोबीच राहिला. आणि पाण्यापाशी तर किती माणसांना अडवलं गेलं! महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरच्या मंदिराचं दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

दिंडीच्या ट्रकला बांधलेल्या दोरीला हे सोवळं परवडत नाही. जागा हातभर आणि धुणं शंभर जणांचं. धोतराला लुंगी लागते, लुंगीला लुगडं लागतं. सकाळी अंधारात कुणाचा पंचा कुणाच्या खांद्यावर जातो आणि दुपारच्या विसाव्याला परत मिळतो.

बारामती सोडून सणसरकडं जाताना काटेवाडी लागते. तिथं परीट समाजातले लोक पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. गावाचे कपडे धुणाऱ्यांना गावानं कधी वरची पायरी दिली नाही. त्यांनी अंथरलेल्या धोतरांवरून तुकोबांच्या पादुका जातात. त्या वेळी मला गाडगेबाबा आठवले. १८७६ साली परिटाच्या घरात जन्मलेल्या या माणसानं हातात झाडू घेतला आणि पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. नुसत्या देवदर्शनानं वारी पुरी होत नाही. थकल्या माणसाला टेकायला जागा आणि धुवायला पाणी लागतं, हे त्यांनी जाणलं होतं.

पुढं सराटीला नीरा नदीत तुकोबांच्या पादुकांना स्नान घालतात. तिथं वारकरीही धुणं काढतात. माझी विनंती आहे, बादलीत पाणी घेऊन काठापासून लांब धुवावं. साबणाचा फेस मातीत जिरू द्यावा. खालच्या गावांना तेच पाणी लागतं.

आणि पालखी ज्यांच्या गावावरून जाते, त्यांनाही एक सांगणं. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटणारे हात पुष्कळ आहेत. तुम्ही चार बांबू रोवा, भोवती जुन्या चादरी बांधा, वरून ऊन येऊ द्या आणि आत एक दोरी ताणा. बाहेर पाण्याचं पिंप ठेवा. आयाबायांना कपडे निवांत धुता येतील आणि उघड्या उन्हात वाळवता येतील. पुढचे दहा कोस त्या कोरड्या कपड्यांत चालतील.