तिसऱ्या मजल्यावरचा तबला आणि संगणक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. आपली सोसायटीही जवळपास त्याच वयाची. पंचवीस वर्षांत पाण्याची टाकी, पार्किंग, थकीत देखभाल खर्च यांवर इथे भरपूर बोलून झालं. सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत, ती मी वेगळ्या विषयाला देतो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक संगणक अभियंता राहतो. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. दुपारी त्याच्या घरातून तबला ऐकू येतो, रात्री अकराला तो पडद्यावर चित्र काढत असतो. ‘याचं नेमकं काम तरी काय?’ असं निम्म्या सोसायटीनं मला विचारलं आहे. मी बँकेतला माणूस, हिशेब लागल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून चार-सहा संध्याकाळी त्याच्याशेजारी बसलो. जे समजलं ते सांगतो.

पहिली गोष्ट त्याच्या हत्याराची. ‘गिट’ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केलं. प्रोग्राममध्ये कोणी, कधी, काय बदल केला आणि का केला, याची नोंद त्यात राहते. चूक झाली तर सगळ्यांच्या कामातली जुनी नोंद पुसत नाहीत, ती रद्द करणारी नवी नोंद घालतात. हे ऐकून मी म्हणालो, अरे बाबा, हे तर आमचं लेजर! बँकेत खाडाखोड चालत नसे. चुकीची नोंद उलट नोंदीनं दुरुस्त करायची आणि खाली सही करायची. नव्या पिढीचं काम आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या आवडत्या माणसाची. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कनूथ. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ चा. नावातच कला आहे. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची छपाईची मुद्रितं १९७७ साली हातात आली, तेव्हा अक्षरं त्यांच्या मनाला येईनात. म्हणून ग्रंथ बाजूला ठेवून त्यांनी पानं जुळवणारं ‘टेक’ हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. थोड्या महिन्यांचं वाटलेलं काम दहा वर्षांच्या घरात गेलं. आज जगभर गणिताचे लेख त्यावर जुळवले जातात, आणि ते फुकट आहे. याच माणसाच्या घरात पाइप ऑर्गन आहे. ऑर्गनसाठी त्यांनी रचलेली मोठी संगीतकृती त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, २०१८ साली, स्वीडनमध्ये सादर झाली.

बँकवाल्यांसाठी एक गंमत. पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला कनूथ २.५६ डॉलरचा चेक पाठवत. संगणकाच्या मोजणीत २५६ हा आपल्या शंभरासारखा गोल आकडा. लोक तो चेक वटवायचे नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावायचे! पुढे चेकवरच्या फसवणुकी वाढल्या, तेव्हा २००८ पासून ते एका काल्पनिक बँकेचं ठेव प्रमाणपत्र देऊ लागले. इतकी वर्षं नोकरी केली, पण अशी बँक पाहिली नाही.

कनूथ यांच्या त्या ग्रंथात आपल्याकडचाही एक धागा आहे. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? पुढे सतरंजीवर बसलेल्या बालमित्रांनो, बोटांवर मोजा : पाच प्रकारे. पाच मात्रा आठ प्रकारे, सहा मात्रा तेरा प्रकारे. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज. युरोपात हे आकडे फिबोनाचीच्या नावानं ओळखले जातात. आपल्याकडे हेमचंद्रांनी ते बाराव्या शतकात, त्याच्याही आधी, छंदशास्त्रात मांडले होते. आपल्या नर्सीच्या नामदेव महाराजांचा मोठा अभंगसुद्धा सहा, सहा, सहा, चार अशा अक्षरांच्या मापातच चालतो.

आता चित्रकला. विंडोजवर आपण मराठी वाचू लागलो ते ‘मंगल’ या अक्षरवळणात. ते घडवलं र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार, कवी आणि शिक्षक. आपली लिपी मशीनला सोपी नाही. ‘कि’ लिहिताना संगणक आधी ‘क’ साठवतो, मग वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी ‘क’च्या डावीकडे दिसायला हवी. वळणदार हात असलेला माणूस आणि नियम लिहिणारा माणूस एकत्र बसल्याशिवाय हे जमत नाही.

शेवटची गोष्ट आपल्या उंबऱ्यावरची. नामदेव महाराजांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या काटकोनातल्या दोन भुजा, आणि काम अंतराळातून येणारी गुरुत्वीय लहर टिपण्याचं. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली. दोन कृष्णविवरांची टक्कर, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर. ती माहिती सगळ्यांना खुली आहे. आमच्या अभियंत्यानं ती उतरवून घेतली, तिचा आवाज केला आणि मला हेडफोनवर ऐकवला. सेकंदाचा पाचवा हिस्सा; खर्जाच्याही खालून निघून पेटीच्या मधल्या पांढरी एकच्या जवळपास चढणारी एक मींड. 

प्रचंड गोंगाटातून ही मींड ओळखायची कशी? आधी गणितानं हजारो संभाव्य लहरी बांधून ठेवायच्या आणि ऐकू येणाऱ्या गोंगाटाशी एकेक जुळवून पाहायची. जत्रेच्या गलक्यातही ओळखीची चाल आपला कान पकडतो, तसंच. या रीतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा त्यावरचा महत्त्वाचा लेख १९९१ चा आहे.

तबला वाजवला म्हणजे नोकरी लागते, असा माझा दावा नाही. पण लेकरू नववीत गेलं की आपण पहिल्यांदा पेटी माळ्यावर टाकतो आणि रंगांचा डबा वाटून टाकतो. एक मात्रा चुकली तर कानाला खटकणं, एक रेघ तिरकी गेली तर डोळ्याला टोचणं, ही सवय त्या वयात लागते. नंतर तीच ऑफिसात कामाला येते. आणि समजा नाही आली, तरी संध्याकाळ चांगली जाते. निवृत्त माणसाला तिची किंमत विचारा.

उद्याच्या सर्वसाधारण सभेत वरचा हॉल रोज संध्याकाळी शिकवणी वर्गाला भाड्यानं देण्याचा विषय आहे. उत्पन्न हवं, हे मला मान्य आहे. लिफ्ट फुकट दुरुस्त होत नाही. माझी सूचना एवढीच की शनिवार-रविवार संध्याकाळचे दोन तास करारातून वगळावेत. एका कोपऱ्यात तबला-पेटी, दुसऱ्यात चित्रकला, आणि मध्ये एक जुना पण चालू संगणक. तिसऱ्या मजल्यावरचा अभियंता बिनपगारी शिकवायला तयार आहे. पेटी मी देतो. माळ्यावरून खाली काढायला मात्र दोन तरुण पाठवा.

मत देताना समोरच्या सतरंजीकडे एकदा पाहा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.