समासातलं वर्ष

(वसंत व्याख्यानमाला, पुष्प सहावं)



गेल्या गुढीपाडव्याला मी एक दोनशे पानी वही आणली. रोज रात्री तिच्यात तीनच गोष्टी लिहायच्या असं ठरवलं: आज काय वाचलं, काय खेळले, काय काढलं. फाल्गुनात वही संपली. चाळून बघितली तर लिहिलेल्या ओळी थोड्या होत्या आणि डावीकडचा समास मात्र पानोपानी गच्च भरलेला होता. आज मला या समासाबद्दल बोलायचं आहे.

आधी वाचन. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आलं. बारा महिन्यांवरचे लेख. कॉलेजात असताना मी ते दोन संध्याकाळींत वाचून संपवलं होतं. या वर्षी नियम केला की चैत्राचा लेख चैत्रात, वैशाखाचा वैशाखात, आणि पुढचं पान उघडायचं नाही. लेख तासाभरात वाचून होतो, पण महिना तर तीस दिवसांचा. मग उरलेले दिवस काय करायचं? मी गॅलरीत जाऊन बसू लागले. आमच्या इमारतीसमोर बहावा आहे. त्याच्याकडे मी वीस वर्षं बघत होते असं मला वाटायचं. वैशाखात त्याचा घोस वहीत काढायला घेतला आणि पहिलंच चित्र चुकलं. सगळी फुलं उमललेली काढली होती मी. खाली जाऊन बघते तो घोसाच्या वरच्या, देठाकडच्या कळ्या आधी उमललेल्या आणि खाली टोकाशी अजून हिरवे मणी. म्हणजे वीस वर्षं मला फक्त पिवळा रंग दिसला होता, झाड दिसलंच नव्हतं.

पिंपळाचंही तसंच. वारा जाणवत नसतानाही पिंपळ का सळसळतो, हे त्याचं पान तीनदा काढल्यावर कळलं. देठ पानाच्या मानाने फार लांब असतो, त्यामुळे पान सारखं झोके घेतं. हे कुणीही एका वाक्यात सांगितलं असतं. पण पेन्सिलीने तो देठ ओढताना हात थांबेना, तेव्हा ते मला पटलं.

याला मी चित्रकला म्हणत नाही, रेघोट्याच म्हणते. आणि रेघोट्यांची बाजू मला मनापासून मांडायची आहे. शाळेत समासात वेलबुट्टी काढली म्हणून माझी वही वर्गासमोर उंच धरून दाखवली गेली होती. ‘हिचं लक्ष नाही’ हे शब्द मी पन्नास वर्षं खरे मानले. पुढे नोकरीत बैठकांना बसताना पेन मुद्दाम पर्समध्ये ठेवायची. मग या वर्षी एका प्रयोगाबद्दल वाचलं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना एक कंटाळवाणा टेलिफोन संदेश ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरच्या आकृत्या रंगवायला दिल्या होत्या. नंतर अचानक विचारलं, तेव्हा रंगवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. हात गुंतलेला असला की मन फार लांब भटकत नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात. तो निष्कर्ष मी वहीत लिहून घेतला आणि त्याच्याभोवती वेलबुट्टी काढली.

रवींद्रनाथांचं उदाहरण तर मला फार जवळचं वाटतं. १९२४ साली ते अर्जेंटिनात आजारी पडले आणि तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंच्या पाहुणचारात राहिले. ‘पूरबी’मधल्या कविता लिहिताना ते खोडलेले शब्द तसेच सोडत नसत. एक खाडाखोड दुसरीला जोडायची, तिला चोच काढायची, शेपूट काढायचं. ओकाम्पोंनी ती पानं पाहिली आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्याच खटपटीने रवींद्रनाथांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. चित्रकार म्हणून जगापुढे आले तेव्हा त्यांचं वय जवळजवळ ६९ होतं. माझ्या वहीचं तसं काही होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण चुकलेल्या शब्दावर रेघ मारून पुढे पळायचं नाही, तिथे क्षणभर थांबायचं, एवढं मी त्यांच्याकडून घेतलं.

खेळ आषाढात सुरू झाला. भाच्याची नऊ वर्षांची मुलगी पावसामुळे घरात अडकली होती. तिने मला टेट्रिस शिकवला. हा खेळ १९८४ सालचा. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेय पाजितनोव यांनी तो रचला. त्यांच्या यंत्रावर चित्रं उमटत नव्हती, म्हणून त्यांनी कंसांच्या खुणा जोडून चौकोन उभे केले. सात आकार, प्रत्येकात चार चौकोन. आडवी ओळ भरली की नाहीशी होते. पहिले आठ दिवस मी सगळीकडे सारखं भरत सुटायची आणि हरायची. ती म्हणाली, “आत्याआजी, कडेची एक पट्टी रिकामी ठेव. लांब दांडी आली की तिथे सोड.” मी ऐकलं. दांडी उशिरा आली, पण चार ओळी एकदम गेल्या. त्या रात्री वहीत लिहिलं: मुलीने पटालासुद्धा समास सोडला आहे.

मार्गशीर्षात डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, मोतीबिंदूची. काही दिवस वाचन बंद. त्या महिन्याचा लेख भाच्याच्या त्याच मुलीने मला वाचून दाखवला, अडखळत, आणि जोडाक्षरांशी थांबत. इतक्या सावकाश मी दुर्गाबाईंना कधीच ऐकलं नव्हतं. पट्टी निघाल्यावर वहीतलं चैत्राचं पान उघडलं. जुनं भिंग पिवळं पडलेलं असतं, त्यातून निळा रंग मळकट दिसतो, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. तरी मी दचकले. ज्या पेनाने मी वर्षभर बहावा आणि पिंपळ काढत होते, ते काळं आहे असंच मी धरून चालले होते. ते गडद निळं होतं.

अनेकजण विचारतात, या सगळ्याचा उपयोग काय? हा प्रश्न मला दुखावतो, कारण तो विचारणाऱ्यांचा दिवस काठोकाठ भरलेला असतो आणि ते दमलेले असतात. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. वही मी आज सोबत आणली आहे, दाराशेजारच्या टेबलावर ठेवते. फाल्गुनाच्या शेवटच्या पानाचा समास कोरा सोडला आहे. पेनही तिथेच आहे, तेच निळं.