जामचं पाणी आणि काळं पाणी
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत वाचनकट्ट्यातर्फे केलेले भाषण)

हे भाषण आम्ही वाचनकट्ट्यातल्या चौघींनी मिळून लिहिलं आहे. वाचणारी एक असली तरी चुका चौघींच्या समजाव्यात.

पोळ्याची कर होऊन आठवडाही झाला नाही. जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं गेलं, गोटे सुटले, आणि घरोघरी पाहुण्यांना तीच गोष्ट सांगून झाली. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघं नदी ओलांडत होते आणि दोन्ही काठांवरून दगड आले. ती गोष्ट सांगताना आपला आवाज आपोआप हळवा होतो. जखमींचा आकडा मात्र आपण दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतो.

ही गोष्ट आज काढायचं कारण आमच्या कट्ट्यावर येणाऱ्या मुली. सोळा ते वीस वर्षांच्या. शाळा कुणाची हिंदी, कुणाची इंग्रजी, आणि मराठी घरापुरती. १९५६ साली नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे राहिलो, तेव्हापासून हे असंच चाललं आहे, त्याचं रडगाणं आज गात नाही. या पोरी मोबाइलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. त्यातला एक प्रकार सध्या फार चालतो: लंडनमधली गरीब मुलगी चोरीच्या आरोपात सापडते, तिला ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर चढवतात, आणि त्या जहाजावर तिला कुणी भेटतो. कधी कैदी, कधी अधिकारी. तीनशे पानांनंतर दोघांचं शेत असतं आणि दारात घोडा.

आम्हीही दोन वाचल्या. खोटं कशाला बोलायचं, रात्री दोनपर्यंत जागून वाचल्या. पाया खरा आहे. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत इंग्लंडने एक लाख साठ हजारांवर कैदी ऑस्ट्रेलियात नेऊन टाकले, आणि त्यात बायकाही होत्या. पुस्तक मिटल्यावर एका मुलीने विचारलं, "मावशी, आपल्याकडे असं काही नव्हतं का?"

होतं. १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैद्यांची पहिली तुकडी अंदमानात उतरली. सेल्युलर जेल फार नंतरचा, १८९६ ला बांधायला घेतला आणि १९०६ ला पुरा झाला. आपल्याला अंदमान म्हटलं की तोच आठवतो, पण त्याआधीची चाळीस वर्षं तिथे उघड्यावरची कैद्यांची वसाहत होती. आणि तिथे बायकाही पाठवल्या जात.

तिथे जायची पाळी कुठल्या बाईवर येई? १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. पोटी मूल आलं, लोकलाजेपायी तिने ते मारलं. आधी फाशी सुनावली. अपिलात फाशीच्या जागी काळं पाणी आलं, आणि पुढे शिक्षा आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने एकूण बायकांच्याच चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. तेव्हा आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून उठल्या आणि १८८२ ला 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आली. मराठीतलं हे इतकं धारदार पुस्तक काळ्या पाण्याच्या एका शिक्षेतून निघालं, हे आम्हालाही या निमित्तानेच लक्षात आलं. मुलींना हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "आणि त्या मुलाचा बाप?" खटला एकटीवर झाला होता.

आता प्रेमाचं बोलू, कारण त्यासाठीच पोरी पुढे सरसावून बसल्या होत्या. पोर्ट ब्लेअरला कैद्यांची लग्नं होत. पुरुष हजारोंनी, बायका काही शेकडा. बाईने काही वर्षं नीट वागून काढली की तिला लग्नाची मुभा मिळे. पुरुषाला दहा वर्षांनी स्वतःच्या कमाईवर राहायचा परवाना मिळाला की तो घर मांडू शके. बाईसाठी लग्न म्हणजे स्त्रियांच्या तुरुंगाच्या भिंतीबाहेर पडायची वाट. याला प्रेमविवाह म्हणायचं? आमच्यात यावर भांडण झालं. एक म्हणाली, तुरुंग की नवरा एवढीच निवड असेल तर ती निवड कसली? दुसरीचं म्हणणं, मग आपल्या आज्यांना तरी कुठली होती? समुद्र ओलांडला म्हणजे जात गेलीच, तेव्हा ती लग्नं जातीपातीबाहेर झाली. त्यांच्या लेकरांचा एक समाज तिथे उभा राहिला, तो आजही आहे आणि घरात हिंदुस्थानी बोलतो. चांगल्या कादंबरीला एवढं पुरे. लिहिणाऱ्याने त्या बाईला घोड्यावरचा अधिकारी देऊ नये, इतकंच.

मराठीत या विषयावर कादंबरी आहे. सावरकरांची 'काळे पाणी', १९३७ ची. मालती नावाच्या मुलीला फसवून पळवतात, तिथून गोष्ट अंदमानापर्यंत आणि पलायनापर्यंत जाते. लेखक स्वतः १९११ ते १९२१ तिथे होते, त्यामुळे तुरुंगाचं वर्णन अंगावर येतं. भाषा मात्र आमच्या मुलींना जड गेली, आणि मालतीवर सगळं घडतच राहतं, ती स्वतः काय ठरवते ते कमी दिसतं, असं त्यांचं मत पडलं. आम्ही विरोध केला नाही.

त्यांना सगळ्यात जास्त लागली ती मात्र कादंबरी नव्हती. बाबाराव सावरकरांना १९०९ ला जन्मठेप झाली. मागे नाशकात त्यांच्या पत्नी येसूवहिनी राहिल्या. त्यांनी आत्मनिष्ठ युवती संघ चालवला, वाट पाहिली, आणि १९१९ ला त्या गेल्या. त्याच वर्षी घरच्यांना अंदमानात भेटीची परवानगी मिळाली. धाकटे दीर गेले, जाऊ गेल्या. येसूवहिनी तेवढ्या राहिल्या. दहा वर्षांत एक भेट नाही. हे ऐकल्यावर कट्ट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, तीच म्हणाली, "मावशी, गोटमारीतल्या मुलीचं नाव काय होतं?" नाव कुणीच सांगत नाही. तिला नदी का ओलांडावी लागली, घरी तिने काही बोलून पाहिलं होतं का, हेही गोष्टीत नसतं. आपण दगडांवर प्रेमकथेचा पदर घालतो आणि त्याला परंपरा म्हणतो. आणि इथे बसलेल्या कुणाच्या लेकीने उद्या जातीबाहेरचा, नाहीतर नुसता नदीपलीकडचा मुलगा सांगितला, तर आपण कुठल्या काठावर उभे राहू? हा प्रश्न आम्ही आमच्या घरात विचारून पाहिला आहे. आमच्यापैकी एकीच्या घरी चार दिवस अबोला होता.

मुलींनी आता लिहायला घेतलंय. वही एकच आहे, आळीपाळीने फिरते. नायिका सौंसरकडची, साल १८८०, जहाज अजून आलेलं नाही. शुद्धलेखन भयंकर आहे आणि मधूनमधून हिंदी घुसतं, ते आम्ही तसंच ठेवणार आहोत. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आरतीनंतर मांडवात पहिली दोन प्रकरणं वाचली जातील. आयांनी यावंच. वडीलही आले तर खुर्च्या आहेत.