कोपराचं दुखणं अंगावर काढू नका
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही. जन्मभर बँकेत लेजर लिहिलेला माणूस. तरी आज कोपरावर बोलणार आहे, कारण या बाबतीत माझी एक चूक झाली.

काही वर्षांपूर्वी आमच्या सौ.चं उजवं कोपर दुखू लागलं. कपडे पिळताना, कणीक मळताना कळ यायची. डॉक्टर म्हणाले, 'टेनिस एल्बो'. मी हसलो, "हिने रॅकेट कधी धरली?" तिने सहा महिने अंगावर काढलं. एके दिवशी हातातून चहाचा कप निसटला, तेव्हा माझे डोळे उघडले.

2004 साली सचिनला हेच दुखणं झालं, 2005 मध्ये ऑपरेशन करावं लागलं. त्याच्या कोपराची काळजी मी रोज पेपरात वाचत होतो. घरातलं कोपर मात्र दिसलं नाही.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका चिवट दोरीने, म्हणजे टेंडनने, जोडलेले असतात. पिळणं, लाटणं, स्क्रू फिरवणं हे सतत झालं की ती दोरी झिजते. आतल्या बाजूला दुखलं तर तो 'गोल्फर्स एल्बो'.

बहुतेकांचं हे दुखणं ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण काही महिने, कधी वर्षही लागतं. कळ येणारं काम कमी करा. बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं शेका. पिशवी उचलताना तळहात वर ठेवा. मुख्य औषध म्हणजे फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम, तोही नेमाने. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण दुखणं परत येऊ शकतं. बीपी, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी पेनकिलर मनाने घेऊ नये.

पडल्यावर दुखलं, सूज-ताप आला, करंगळीला मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना दाखवा. हात दुखताना छातीत जड वाटलं, घाम फुटला तर थेट हॉस्पिटल गाठा.

आमची सौ. आठ महिन्यांत बरी झाली. व्यायाम तिने केला. चादरी पिळणं आणि कणीक मळणं माझ्याकडे आलं, ते आजही आहे. कणीक कधी सैल होते, पण तक्रार नाही.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, "तुझा हात दुखतोय का गं?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.