गिअरपेटीतील दारे
(कुंभारी येथील भाषण)

जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीच्या रे नगरातील १५ हजार घरे विडी कामगार, यंत्रमाग कामगार, वाहनचालक आदी श्रमिकांच्या स्वाधीन झाली. या घरांतील मुलांना उपयोगी पडेल अशा एका विद्येविषयी आज बोलावयाचे आहे.

ट्रकच्या स्वयंचलित गिअरपेटीत गिअर बदलण्याचे बळ तेलाच्या दाबाचे असते. काही ट्रकांत ते दाबलेल्या हवेचे असते. त्या दाबाला वाट देण्याचे काम सोलेनॉइड करतो. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकत्व असते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले. वेटोळ्यात वीज येताच आतील लोखंडी दट्ट्या सरकतो व झडप हलते. वीज थांबली की स्प्रिंग त्याला मागे ढकलते. वाहनाचा वेग व इंजिनावरील भार पाहून वीज केव्हा सोडावी, हे संगणक ठरवितो. उसाला पाणी देताना दारे धरावी, तसेच हे आहे. जोर पाण्याचा असतो. त्याला वळण देणारा हात वेगळा असतो.

म्हणून गिअर अडकताच सारी पेटी उतरविण्याची घाई नको. आधी तेलाची पातळी, तारांच्या जोडणीतील गंज आणि वेटोळ्याचा रोध तपासावा. लहानशा झडपेचा दोष ओळखता आला नाही, तर ट्रक उभा राहतो आणि चालकाची कमाई बुडते. शिक्षकांनी ही तपासणी मुलांच्या हातून करवून घ्यावी आणि पंचायत सदस्यांनी होतकरू मुलांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट दाखवावी, एवढीच विनंती.