पिझ्झाच्या बेसचं गणित: मैदा, भाकरी आणि फ्लॉवर

हेडफोन लावा, आज थोडं गणित आहे. घाबरू नका, शेवटी पिझ्झा मिळणारे.

मध्यंतरी एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. तिघी मैत्रिणी पुण्यात फ्लॅटवर राहतात, शुक्रवारी रात्री पिझ्झा मागवतात. हिला पीसीओएस आहे आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. त्यामुळे त्या दोघी पिझ्झा खातात आणि ही काकडी चावत मोबाइल बघत बसते. तिचा प्रश्न असा: "ओव्हन नाही, तवा आहे. कमी कॅलरीचा बेस घरी होईल का? की दुकानातला नाचणीचा आणू?"

नाचणीपासूनच सुरू करू, कारण फसगत तिथेच होते. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ३५० कॅलरी असतात. कणीक, ज्वारी, नाचणी, ही सगळी पिठं ३२० ते ३५० च्या पट्ट्यात येतात. म्हणजे मैदा बदलून नाचणी घेतली तर कॅलरीत फार तर दहा टक्क्यांचा फरक. नाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हं. तिच्यात तंतू जास्त, कॅल्शियम भरपूर, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण पाकिटावर ‘मल्टीग्रेन’ लिहिलंय म्हणून दोन बेस खाल्ले, तर मैद्याच्या एका बेसपेक्षा जास्तच झालं ना? पाकीट उलटं करा आणि दोन आकडे बघा: १०० ग्रॅमला कॅलरी किती आणि एक बेस किती ग्रॅमचा. पुढच्या बाजूचं हिरवं पान बघू नका.

मग कॅलरी कमी होतात कशाने? पिठाच्या नावाने नाही, पिठाच्या वजनाने. आणि तेलाने. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, एक ग्रॅम पीठ म्हणजे साडेतीनच्या आसपास. गंमत म्हणजे नेपल्सचा जो अस्सल पिझ्झा आहे, ज्याला युरोपियन युनियनचं संरक्षण आहे, त्याच्या कणकेत तेल नसतंच. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, संपलं. तेल पडतं ते वरून, थोडंसं. बेसमध्ये तेल घातल्याशिवाय मऊ होत नाही, हे आपण उगाच धरून बसलोय.

पण तो नेपल्सचा गोळा १८० ते २५० ग्रॅमचा असतो. आपण १०० ग्रॅमचा करू. हा माझा सगळ्यात आवडता बेस, म्हणून जरा निवांत सांगते.

६० ग्रॅम पीठ घ्या, अर्धा मैदा आणि अर्धी कणीक. वजनकाटा नसेल तर मेजरिंग कपाने अर्धा कप. चिमूटभर इन्स्टंट यीस्ट, पाव चमच्याहून कमी मीठ आणि अडीच टेबलस्पून पाणी. गोळा चिकट वाटेल, वरून पीठ ओतत बसू नका. फार मळायचंही नाही. झाकून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये. कणकेला ताण यायला मळणं किंवा वेळ, दोन्हीपैकी एक लागतं. आपण वेळ देतोय, कारण तो झोपेत जातो. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी बाहेर काढा आणि थोड्या कोरड्या पिठावर लाटा. आठ-नऊ इंच, फुलक्यापेक्षा किंचित जाड. लाटताना मागे सरकत असेल तर भांडू नका, पाच मिनिटं झाकून ठेवा, ऐकेल.

तवा चांगला तापवा. बिडाचा असेल तर उत्तमच. एक बाजू डाग पडेपर्यंत भाजा आणि उलटा. आता वर आलेल्या भाजलेल्या बाजूवर सॉस, भाज्या, चीज. गॅस बारीक, तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब आणि वर झाकण. वाफेने चीज वितळतं. चार-पाच मिनिटांनी झाकण काढा आणि मिनिटभर तसंच राहू द्या, म्हणजे खालचा भाग कुरकुरीत होतो. बेसच्या कॅलरी साधारण २०० ते २१०.

आता इंटरनेटचा लाडका फ्लॉवरचा बेस. १०० ग्रॅम फ्लॉवर म्हणजे २५ कॅलरी, म्हणून सगळे खूश. पण फ्लॉवर एकटा उभा राहत नाही, त्याला बांधायला काहीतरी लागतं. आणि बऱ्याच रेसिपीत ते ‘काहीतरी’ म्हणजे कपभर मोझरेला! १०० ग्रॅम मोझरेला ३०० कॅलरीच्या आसपास जातं. टॉपिंग अजून पडलेलंच नाही आणि तुम्ही मैद्याच्या पुढे निघून गेलात.

चीज न घालता करायचा तर असा: ३०० ग्रॅम फ्लॉवर किसा, इडलीपात्रात पाच मिनिटं वाफवा आणि पूर्ण गार करा. मग स्वच्छ पंचात बांधून पिळा. पिळा म्हणजे अगदी धुतलेल्या जीन्ससारखा पिळा! सगळा खेळ इथे आहे, पाणी राहिलं की बेस नाही, उपमा होतो. निघालेलं पाणी आमटीत जाऊ द्या. त्यात एक अंडं, दोन टेबलस्पून बेसन, मीठ, ओवा. अंडं खात नसाल तर एक चमचा इसबगोल आणि बेसन थोडं जास्त. तव्यावर थेंबभर तेल पुसून हाताने थापा, थालीपिठासारखं, आणि झाकून दोन्ही बाजूंनी नीट भाजा. उलटताना ताटलीची मदत घ्या.

याची बेरीज करा: फ्लॉवर ७५, अंडं ७०, बेसन ५५. झाले २००. म्हणजे जवळपास आपल्या पातळ मैदा-कणकेच्या बेसइतकेच! मग एवढा खटाटोप कशाला? तर याच्यात कर्बोदकं निम्मी आणि प्रथिनं दुप्पट, शिवाय पाव किलोच्या वर भाजी पोटात. ज्यांना साखर सांभाळायची आहे त्यांच्यासाठी हा खरंच चांगला. नुसत्या कॅलरीसाठी करणार असाल आणि तुम्हाला फ्लॉवरचा वास आवडत नसेल, तर सरळ सोडून द्या. नावडतं खाऊन कुणी टिकत नाही.

इथे एक महत्त्वाचं, आणि हे घाईत ऐकू नका. घरात आई, बाबा किंवा कुणीही इन्सुलिन किंवा डायबेटिसच्या गोळ्या घेत असतील, तर त्यांचं जेवण असं एकदम बदलू नका. डोस नेहमीच्या जेवणाच्या हिशेबाने ठरलेला असतो. कर्बोदकं निम्मी केली आणि डोस तोच ठेवला, तर साखर खूप खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, ही त्याची लक्षणं. आधी डॉक्टरांशी बोला, मग पिझ्झा.

यीस्ट-बिस्ट नको असेल तर मुगाच्या डाळीचं धिरडं. ५० ग्रॅम डाळ चार तास भिजवा, आलं-मिरची घालून घट्ट वाटा. पातळ केलंत तर जाळी छान पडेल पण टॉपिंगचं वजन झेपणार नाही. साधारण १७० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. हॉस्टेलवर इंडक्शन असेल तरी होतं.

आणि शिळी भाकरी! ज्वारीची, आदल्या दिवशीची. पापुद्रा खाली, जाड बाजू वर, तव्यावर कडक करा आणि वर लसणाचा टोमॅटो सॉस. ५० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे १७० च्या आत, तेल शून्य. याला पिझ्झा म्हणायचं की नाही यावर आमच्या घरी दोन गट आहेत.

अगदीच कमी हवं असेल तर भरताच्या वांग्याच्या बोटभर जाड चकत्या मीठ लावून भाजा आणि त्यावरच टॉपिंग. २०० ग्रॅम वांग्याच्या ५० कॅलरी. पण त्याच्यासोबत डाळ, अंडं असं काहीतरी खा. नाहीतर अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडणार, मला माहितीये.

चीजबद्दल एवढंच: बेसवर शंभर कॅलरी वाचवायच्या आणि वरून मूठमूठ चीज उधळायचं, याला अर्थ नाही. ३० ग्रॅम पुरतं, ९० कॅलरी. फ्रिजमधून काढल्या काढल्या बारीक किसणीवर किसा, दुप्पट वाटतं. मशरूम, टोमॅटो आधी मिठावर परतून पाणी उडवा. सॉस, भाज्या, चीज, चमचाभर तेल, सगळं धरून कणकेचा पूर्ण पिझ्झा ४०० च्या आसपास बसतो. अख्खा. एकटीचा. तर पुण्याच्या मैत्रिणी, शुक्रवारी तू पण मध्ये बस.

रोज कोण करणार म्हणत असाल, तर रविवारी चार बेस करा. दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजून पूर्ण गार करा, मध्ये बटर पेपर घालून डब्यात फ्रीझरला. काढले की थेट गरम तव्यावर, वितळायची वाट बघायची नाही. फ्लॉवरचा मात्र फ्रीझ करू नका, पुन्हा पाणी सुटतं. तो त्याच दिवशी.

सॉसवर वेगळा भाग करतेय, कारण बाटलीतल्या सॉसमधली साखर हा स्वतंत्र विषय आहे. भेटू.